काशा घरतचा चोरटा दम

"यंत्र बिघडलंय तुझं," काशा घरत म्हणाला आणि असा हसला, की त्याच्या ओटीखालची कोंबडी अंडं अर्धवट टाकून पळाली.

प्रणाली पायरीशी उभी होती. प्रणाली म्हणजे आमच्या गावची आशाताई. अंगात निळा प्लास्टिकचा झगा, तोंडावर एकावर एक दोन मास्क, आणि वर एप्रिलचं ऊन. काशाच्या बोटाला तिने चिमटा लावला होता, आणि चिमटा ब्याऐंशी दाखवत होता. तिने तो काढून स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. मग कुंपणाबाहेर मान लांब करून उभ्या असलेल्या मला हाक मारली.

"पदूआजोबा, बोट द्या."

मी दिलं. अठ्ठ्याण्णव.

"बघा, यंत्र धडधाकट आहे. काशाआजोबा, तुमच्या रक्तातला प्राणवायू उतरलाय. आत्ताच्या आत्ता तालुक्याला जायचं. मी गाडी बोलावते."

"रड्याला अठ्ठ्याण्णव आणि मला ब्याऐंशी?" काशाने मिशीला ताव दिला. "मग तर नक्कीच बिघडलंय गो ते!"

गल्लीतले सगळे दारादारांतून हसले. मास्क हनुवटीला होते, त्यामुळे एकूण एक दात मला दिसले.

रड्या म्हणजे मी. मतदारयादीत माझं नाव पद्माकर आहे, पण यादी वाचणारासुद्धा "रड्या आला का?" असंच विचारतो. माझा मुलगा रड्याचा, नातू रड्याच्या पोराचा. हे बारसं केलं काशाने. आमच्या तरुणपणी जत्रेत वरचा पाडा विरुद्ध खालचा पाडा असा हुतुतूचा सामना व्हायचा, आणि त्या सामन्यापुढे लग्न-मयत दोन्ही थांबायचं. शेवटची चढाई खालच्या पाड्याकडून काशाची. मी त्याचा घोटा धरला. माझी पकड अशी होती, की एकदा भरतीच्या वेळी होडीचा दोर धरून मी खाडीलाच मागे ओढलं होतं. खोटं वाटत असेल तर खाडीला विचारा. काशा जमिनीवर आडवा, तोंडाने हुतुतूतू, आणि इंचाइंचाने मला ओढत रेषेकडे. मी खाली, माझं नाक त्याच्या गालापाशी. आणि मी स्वतः पाहिलं: त्याच्या डाव्या कानाची पाळी हलली. चोरून श्वास घेताना नाकाच्या मुळाशी जो ताण येतो, तो काशाच्या कानात उतरायचा.

"दम तुटला!" मी ओरडलो. "चोरला याने दम!"

पंच एका कानाने बहिरा, आणि तो कान नेमका आमच्याकडे. काशाने रेषेला बोट लावलं, उठला, अंगावरची माती झटकली आणि सगळ्या जत्रेदेखत म्हणाला, "रड्या आहे रे हा. रडीचा डाव खेळतो."

बस. माझ्या नावाचं तिथेच दहन झालं. पुढची चाळीसेक वर्षं एकच गोष्ट हवी होती मला: काशाच्या तोंडून, चारचौघांत, "पदूचं खरं, माझा दम तुटला होता." यापलीकडे देवाकडे मी काही मागितलं नाही. देवाला तेवढंच जड गेलं.

आता तो ओटीवर बसून त्या पोरीला हसत होता, आणि ती घशाला कोरड पडेस्तोवर समजावत होती.

"आजोबा, हा आजार असाच फसवतो. फुफ्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात. हा विषाणू त्यांच्या भिंती सुजवतो, मग आत पाणी साचतं. प्राणवायू रक्तात शिरत नाही. पण आतला खराब वायू बाहेर पडत राहतो, म्हणून जीव घाबरा होत नाही. माणूस हसतो, बोलतो, चहा मागतो, आणि आतून बुडत असतो."

मला कळलं. आम्ही खाडीकाठची माणसं. बांधाला खाली कुठेतरी खांड पडते, खारं पाणी गुपचूप आत शिरतं, आणि वरून भात चार दिवस हिरवंगार दिसत राहतं. काशाला खांड गेली होती.

पण गल्लीला कळेना. काशाच्या दमाची ख्यातीच तशी. चिंबोऱ्या काढायला त्याने खाडीत बुडी मारली की काठावरची माणसं घरी जाऊन जेवून यायची. त्यात मोबाइलवर जो तो पाठवत होता, की दम कोंडता आला तर समजा कोरोना नाही. आता चिमट्यावर विश्वास ठेवायचा की काशावर?

"अहो, जा ना मुकाट," दारातून त्याची बायको हौसाबाई म्हणाली. "पोरं सांगतात, ती पोर सांगते."

"तू आत हो. तिकडे गेलेला परत येतो तो गाठोडं होऊन." काशा उभा राहिला. "ऐका सगळे! मी इथून मारुतीच्या पारापर्यंत हुतुतू घालत जातो. एका दमात. तुटला तर गाडीत बसतो. नाही तुटला तर ही आपला चिमटा घेऊन वरच्या पाड्यात जाईल. कबूल?"

"आजोबा, एक पाऊल चालू नका!" प्रणाली ओरडली. तिच्या आवाजात रडू आलं होतं. काशाचे दोन्ही मुलगे नुसते एकमेकांकडे बघत राहिले. बापापुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती.

"पंच कोण?" कुणीतरी विचारलं.

काशाने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच जत्रेतली चमक. "बसवा त्या रड्याला! बघू दे जवळून. निदान मरायच्या आधी याची खात्री पटेल."

गल्ली पुन्हा हसली. मी पंच झालो.

आता बघा, नशीब कसं असतं ते. ज्याने माझं नाव खाल्लं त्याचा जीव माझ्या जिभेवर आला. "दम आहे" एवढं म्हणालो असतो, की काशा विजयी होऊन ओटीवर बसला असता आणि दोन दिवसांत त्याचं गाठोडं झालं असतं. गाव म्हणालं असतं, रड्या सुधारला हो! एका शब्दात सूड आणि सर्टिफिकेट, दोन्ही. मनात आलंच ते. मी काही संत नव्हे.

पण मग पुढचं चित्र दिसलं. कैलासवासी काशिनाथ घरत स्मृतिचषक. दरवर्षी जत्रेत मंडप, फोटोला हार, आणि कर्ण्यावरून तीच चढाई पुन्हा पुन्हा: "रड्याने घोटा धरला असतानाही..." मेलेल्याच्या तोंडून कबुली कशी काढणार? नाही. काशा जगला पाहिजे होता. चांगला जगला पाहिजे होता, माझ्यासमोर, मान खाली घालून.

आणि मी "दम तुटला" म्हटलं, तर गाव म्हणणार काय? रड्या रडला.

कुंपणाशी सावरीची बोंडं फुटली होती. कापूस उडत होता. आमच्याकडे त्या उडत्या पांढऱ्या झुपक्याला म्हातारी म्हणतात. एक म्हातारी तरंगत माझ्या बाहीवर येऊन बसली. मी तिला चिमटीत धरली.

"पंचाची एक अट आहे," मी म्हणालो. "ही म्हातारी मिशीवर लावायची, नाकाखाली. दम बाहेर चाललाय तोवर ही बाहेर फुरफुरेल. आत ओढलास तर आत जाईल. गल्लीला दिसेल. माझ्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवायला नको."

काशाने मिशीला ताव द्यायला हात उचलला आणि तो मधेच राहिला. फक्त क्षणभर. पण एवढ्या वर्षांत माझ्यासमोर तो हात कधी तेवढाही अडला नव्हता.

"लावतो! दोन लावतो!" तो गरजला. बोटाला थुंकी लावून त्याने म्हातारी मिशीवर चिकटवली.

"हुतुतूतूतूतूतू..."

निघाला. पहिली पावलं तर वाघाची. म्हातारी नाकाखाली फुरफुरत होती, पोरं टाळ्या वाजवत होती. मी बाजूने, हातभर अंतर ठेवून. सावंतांचं दार गेलं, पिठाची गिरणी गेली. सार्वजनिक नळापाशी त्याचा आवाज बारीक झाला. हुतुतूमधला हु गेला, नुसतं तुतुतु राहिलं. मी मिशीकडे बघतच नव्हतो. मी कानाकडे बघत होतो.

पाळी हलली.

आणि म्हातारी सुळकन नाकपुडीत गेली.

सबंध गल्लीने पाहिलं. काशा थांबला, डोळे मोठे केले आणि शिंकला. कसला शिंकला! थेट माझ्या तोंडावर. शिंकेतून खोकला सुटला, आणि खोकल्याने त्याला नळाच्या कट्ट्यावर बसवलं. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. आता त्याला हसता येईना.

"दम गेला!" मी बोंबललो. छाती फुटेस्तोवर. चाळीस वर्षांपूर्वी जिथे थांबवलं होतं, तिथून पुढे.

या वेळी कुणी हसलं नाही. मुलग्यांनी त्याला कट्ट्यावरून उचलला. प्रणालीने गाडी आधीच बोलावली होती, पैजेचा निकाल काहीही लागो. गाडीत चढवताना काशाने मान वळवली.

"आजचा... गेला," तो धापत म्हणाला. "तेव्हाचा... नव्हता."

असा तो चिवट.

चार-पाच दिवसांनी मीही त्याच दवाखान्यात दाखल झालो. शिंक वाया गेली नव्हती. आणि देवाला विनोद कळतो याचा पुरावा म्हणजे मला खाट मिळाली ती काशाच्या शेजारची.

माझं हलकं होतं. ताप, अंगात कसकस, तोंडाची चव गेलेली. काशाचं भारी. तोंडावर भला मोठा मास्क, त्यातून वारा सूं सूं आत. त्याला दिवसाचा बराच वेळ पालथा निजवत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सांगायची हौस होती त्यांना. "फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो, आजोबा. उताणं झोपलं की तो दबतो. पालथं झोपलं की मिटलेल्या पिशव्या उघडतात."

"पालथा घडा आहे हो तो आधीपासून," मी म्हणालो. "पाणी राहणार नाही त्याच्यात."

काशाच्या पाठीला हसू आल्यासारखं वाटलं. की खोकला होता, कुणास ठाऊक.

मी सोडणार थोडाच! सकाळी डोळा उघडला की पहिलं वाक्य तेच. "काय चोरा, तेव्हाचा तुटला होता की नव्हता?" तो पालथ्या पालथ्या मान हलवायचा. नाही. दुपारी पेज आली की पुन्हा. "तोंडाने बोलू नकोस. नुसतं बोट वर कर." तो बोट वर करायचा, पण भलतंच. एकदा मी त्याच्या कानाशी हळू आवाजात हुतुतू सुरू केलं. माझाही दम नळापर्यंत पुरला नसता. तरी घातलं. त्याने चिडून मास्क वर केला.

"ना... ही!"

दोन अक्षरं. तेवढ्यात यंत्रावरचा आकडा घसरला, घंटी कोकलली, सिस्टर धावत आल्या. मास्क दाबून बसवला आणि माझ्याकडे वळल्या. "आजोबा, यांना एकेक श्वास महाग झालाय. पुन्हा बोलायला लावलंत तर तुमची खाट व्हरांड्यात टाकीन."

मग त्याचं बिनसलं. मास्कचा वारा पुरेना. पोट वरखाली, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. डॉक्टरीणबाई त्याच्या उशाशी वाकल्या. "आजोबा, कदाचित घशात नळी घालावी लागेल. मग झोपेचं औषध देतो, बोलता येणार नाही. आत्ता घरच्यांना फोन लावून देते. थोडंच बोला. अगदी थोडं."

सिस्टरने मोबाइल समोर धरला. पडद्यावर दोन मुलगे, आणि दोघांच्या मधे हौसाबाई. डोक्यावरचा पदर नीट केलेला, कपाळाला ताजं कुंकू. ती नुसती बघत होती, दारात कुणाची वाट बघावी तशी.

काशाने मास्क उचलला. सगळं अंग गोळा करून हवा ओढली. मग पडद्याकडून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पदूचं... खरं," तो म्हणाला. "दम... तुटला... होता."

हवा संपली. मास्क बसला. आकडा खाली गेला, माणसं धावली, फोन बंद झाला.

मिळालं! दोन मुलगे, एक बायको, एक सिस्टर आणि एक एमबीबीएस, इतक्या साक्षीदारांदेखत. मी खाटेवर उभा राहून नाचलो असतो, पण हातात सलाइनची सुई होती. तरी पायाची बोटं नाचवलीच.

नळी घालावी लागली नाही. त्यांनी त्याला पुन्हा पालथा केला, वारा वाढवला, आणि दोन दिवस तो बांधावरच्या माणसासारखा लढला. माझं म्हणणं असं, की यमाने त्याला पाहिलं असणार आणि म्हणाला असणार, हा गडी रेषेला शिवून परत जाणाराच आहे, पकडून घामाघूम कोण होतो?

तो घरी आला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी राहिली नव्हती. फुफ्फुसांवर वण राहिलेत, भरायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोबत तीन चेंडूंचं खेळणं दिलं होतं. नळीने हवा ओढायची आणि चेंडू वर न्यायचे. काशा एकच चेंडू न्यायचा आणि दुसऱ्याला शिव्या द्यायचा.

आणि मी? गावात मी पद्माकरराव झालो. मुलग्यांनी कबुली घरोघर सांगितली होती. गिरणीवाल्याने मला खुर्ची दिली. आठवडाभर मी गल्लीतून असा चाललो, जसा गणपती चालतो मिरवणुकीत.

मग एका सकाळी दार उघडलं तर माझ्या ओटीवर काशा. काखोटीला स्टूल, हातात ते चेंडूचं खेळणं.

"काय रे?"

"ती... घरात घेत नाही."

"कोण?"

"ती रे!" आमच्या वयाचा पुरुष बायकोचं नाव घेत नाही. ती, ऐकलंस का, पोरांची आई, असंच सगळं.

मी तावातावाने त्याच्या घरी गेलो. दार लोटलेलं, आतून कडी.

"वहिनी, काय हा प्रकार? आजारी माणूस आहे तो!"

"भावोजी," दाराआडून हौसाबाईचा आवाज आला, जराही न चढलेला. "लग्न करून आले त्या दिवसापासून या माणसाचं मी करते. मरायची वेळ आली. डॉक्टरीण म्हणाली, थोडंच बोला. मी पदर सारखा केला, समोर उभी राहिले. म्हटलं, थोडंच असेल, पण माझं असेल. आणि हा काय म्हणाला? पदूचं खरं. मग आता पदूकडेच नांदा म्हणावं."

"अहो, पण ती हुतुतूची गोष्ट—"

"तुम्ही बाजूच्या खाटेवरून त्याच्या मागे लागला होतात ना? सिस्टरने सांगितलं माझ्या थोरल्याला. माझ्या वाटणीचा होता तो श्वास. तुम्ही काढून घेतलात."

मी एक पायरी खाली उतरलो.

"घरात यायचं असेल तर," ती म्हणाली, "उखाणा घेऊन यावं. लग्नात मी घेतला, सगळ्या मांडवापुढे. हा म्हणाला, पुरुषमाणसाला लाज वाटते. आता घ्यावा. मी सांगते तोच, आणि एका दमात. मधे थांबला तर पहिल्यापासून."

उखाणा तिने दाराआडूनच सांगितला:

खाडीच्या तोंडाला बांधली उघाडी,
भरतीच्या पाण्यावर डुलते होडी,
पेणच्या बाजारात साखरेची गोडी,
हौसाचं नाव घेतो, काढा दाराची कडी.

उघाडी म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा. निरोगी माणसाला काहीच नाही हो. काशाच्या छातीला तो खंडाळ्याचा घाट होता. पहिल्या संध्याकाळी होडी बुडाली. पुढचे काही दिवस रोज होडीच बुडत होती. गल्ली जमायची. मी पंच म्हणून स्टूल टाकून बसायचो आणि मोठ्या आनंदाने ओरडायचो, "दम गेला! उद्या या!" काशा माझ्याकडे असा बघायचा, की नजरेने म्हशी आटाव्यात. मग माझ्याच घरी येऊन जेवायचा. माझी बायको जिताडा माशाची डोक्याकडची तुकडी त्याला वाढायची, कारण तो आजारी. दिवसभर तो माझ्या ओटीवर चेंडू वर नेत बसायचा. सूं, टक. सूं, टक. मी झोपायचो कधी?

पावसाळा आला तरी तो "गोडी"पाशी अडकलेला. दुसरा चेंडू वर जायला लागला होता, तिसरा ढिम्म. पुढच्या ओळीत तिचं नाव, आणि तिथे पोचायच्या आधी हवा खलास. हौसाबाई दाराआड रोज उभी राहायची. नुसती बांगडी वाजायची, आणि पावलं आत जायची.

एका संध्याकाळी पाऊस नुकताच उघडला होता. काशा आला. टेकायला रोज आणायचा ते स्टूल आणलं नव्हतं. दारासमोर उभा राहिला, डोळे मिटले. मी सरसावून बसलो.

त्याने हवा ओढली. थोडीशीच. उघाडी नाही, होडी नाही, साखर नाही.

"हौसा," तो म्हणाला.

एवढंच. नुसता बाहेर पडलेला श्वास, त्याला नाव फुटलेलं. मधे थांबायला जागाच नव्हती. त्या गल्लीत ते नाव त्याच्या तोंडून कुणीही, कधीही ऐकलेलं नव्हतं. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला.

"हे काय?" मी उठलो. "उखाणा कुठाय? चार ओळी ठरल्या होत्या! नाव शेवटच्या ओळीत येतं, आधी येत नाही! हे नियमात नाही, मी पंच आहे, मी हे चालू देणार नाही!"

गल्लीतलं एकेक तोंड माझ्याकडे वळलं आणि हसायला लागलं.

आतून कडी निघाली. हौसाबाईने दार सताड उघडलं, डोळ्यांना पदर लावला आणि बाजूला होऊन काशाला आत घेतलं. तो उंबरा ओलांडताना वळलासुद्धा नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुम्ही काय उभे, भावोजी?" ती म्हणाली. "सामना संपला. घरी जा."